वहिनी आणि पिऊ दादाकडे पोचेपर्यंत: एफ२ए व्हिसाचा आमच्या घरचा अनुभव

२०२५ च्या नोव्हेंबरमधे वहिनी आणि माझी भाची पिऊ न्यू जर्सीला दादाकडे गेल्या. तेव्हापासून मला ओळखीच्यांचे आणि त्यांच्याही ओळखीच्यांचे फोन येतायत. कुणाची मुलगी याच व्हिसाच्या रांगेत अडकलीय, कुणाची सून, आणि सगळ्यांना एकच विचारायचं असतं की आता पुढे काय करायचं. प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मी वकील नाही, कराडजवळ एका शाळेत शिकवते. अर्ज दादाचा, व्हिसा वहिनीचा, आणि मी मधली, म्हणजे कागद गोळा करणारी, ऑफिसात सोबत जाणारी आणि तेवढा वेळ पोरीला धरून बसणारी. अशी मधली माणसं प्रत्येक घरात असतात, आत्या, मामा, आजोबा, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय.

आधी केस काय होती ते सांगते. दादा २००९ मधे शिकायला गेला, मग तिकडेच नोकरी, मग भारतीयांची ती ग्रीन कार्डची लांबलचक रांग. त्याचं कार्ड २०२२ च्या जानेवारीत आलं आणि लग्न झालं मे २०२२ मधे, कराडलाच. आता इथे एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते. नोकरीवरून मिळणारं ग्रीन कार्ड मंजूर व्हायच्या आधी लग्न झालेलं असेल तर बायको त्याच केसमधे डिपेंडंट म्हणून येऊ शकते. कार्ड मंजूर झाल्यानंतर लग्न झालं तर नवऱ्याला तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्या कॅटेगरीचं नाव एफ२ए, आणि त्याला वर्षाचा कोटा आहे. शिवाय एच१बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या बायका जशा एच४ या जोडीदाराच्या व्हिसावर पटकन जातात तसंही करता येत नाही, कारण नवरा आता एच१बीवर राहिलेला नसतो. आमच्याकडे स्थळं बघण्यात वर्षं गेली, लग्न जमलं तेव्हा जमलं, त्यात कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्या घरात मुलाचं कार्ड तोंडावर आलंय आणि लग्नही ठरलंय त्यांनी दोन तारखांचा विचार वकिलाला विचारून आधी करावा, एवढं मी आता प्रत्येकाला सांगते.

जून २०२२ मधे दादाने आय-१३० हा फॉर्म ऑनलाइन भरला. तेव्हा फी ५३५ डॉलर होती, एप्रिल २०२४ पासून वाढली, ऑनलाइनला ६२५ आणि कागदावर ६७५. सोबत वहिनीच्या माहितीचा आय-१३० ए, लग्नाचं सर्टिफिकेट, दोघांचे पासपोर्ट, कार्डाची कॉपी, लग्नाचे फोटो. पोच आली तिच्यावर प्रायॉरिटी डेट असते, ती तारीख म्हणजे रांगेतला तुमचा नंबर, आमच्याकडे ती देवघराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेली होती. त्या वेळी एफ२ए ‘करंट’ होतं म्हणजे रांगच नव्हती, अर्ज मंजूर झाला की पुढचे कागद आणि इंटरव्ह्यू. सगळे म्हणाले वर्ष-दीड वर्ष धरा. वहिनी एका हॉस्पिटलच्या लॅबमधे टेक्निशियन होती, तिने त्या हिशोबाने नोकरी सोडली, पुढे दिवसही राहिले, सगळं छान चाललं होतं.

मार्च २०२३ मधे पिऊ झाली. दादा बाळंतपणासाठी आला होता. आणि त्याच महिन्यात एप्रिलचं व्हिसा बुलेटिन आलं. हे बुलेटिन अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला काढतं, कुठल्या कॅटेगरीत कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांना व्हिसा मिळणार त्याचा तक्ता असतो. एफ२ए एका झटक्यात करंटवरून ८ सप्टेंबर २०२० वर मागे गेलं होतं. आमची तारीख जून २०२२. दादाने हॉस्पिटलच्या पॅसेजमधे उभं राहून मला ते मोबाइलवर दाखवलं, वहिनीला लगेच सांगू नको म्हणाला, मी म्हटलं नाही, आजच सांग, कारण उद्या तिला कुठल्यातरी ग्रुपवर कळेल ते वाईट. त्याने सांगितलं. ती फार रडली नाही, तिने फक्त विचारलं की किती वर्षं, आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता येईना.

तर या कोट्याबद्दल थोडं, कारण गैरसमज खूप आहेत. नोकरीच्या ग्रीन कार्डात भारतीयांची रांग वेगळी आणि भयंकर लांब असते, तशी एफ२ए मधे नसते. एफ२ए चे ७५ टक्के व्हिसा देशवार मर्यादेतून वगळलेले आहेत, त्यामुळे भारताची तारीख सहसा बहुतेक देशांच्या बरोबरच चालते. बुलेटिनमधे दोन तक्ते असतात. एक फायनल अॅक्शनचा, त्यात तुमची तारीख आली तरच व्हिसा. दुसरा कागद भरायला सुरुवात कधी करायची त्याचा, तो पुढे असतो. म्हणजे कागद आधी पूर्ण होतात आणि मग नुसतं बसायचं. आणि नवरा नागरिक झाला तर बायको कोट्यातून बाहेर पडते, रांग संपते, पण तेव्हा एक मोठा खड्डा आहे: एफ२ए मधे मूल आईच्याच केसमधे मोडतं, वेगळा अर्ज लागत नाही, नागरिकाच्या बायकोच्या केसमधे मात्र मूल आपोआप येत नाही, त्याच्यासाठी स्वतंत्र आय-१३० भरावा लागतो. ज्यांचा नवरा एक-दोन वर्षांत सिटिझन होणार आहे त्यांनी हे वकिलाशी बोलून ठेवा, नाहीतर आईचा व्हिसा होतो आणि मूल मागे राहतं.

टुरिस्ट व्हिसावर भेटून ये असं निम्म्या कराडने वहिनीला सुचवलं. त्या अर्जातच विचारतात की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का. हो म्हणावंच लागतं, खोटं बोलायचा प्रश्नच नाही, आणि हो म्हटलं की ही बाई परत येईल हे पटवणं अवघड. त्यात २०२३ मधे मुंबईत टुरिस्ट व्हिसाच्या अपॉइंटमेंटलाच दोन वर्षांच्या आसपासचं वेटिंग दिसत होतं. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

दादा परत जायच्या आत दोन कामं उरकली. पिऊचा जन्मदाखला नावासकट काढला. बारसं झालं की लगेच नगरपरिषदेत नाव घाला, आई-वडिलांची स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहेत ना ते क्लार्कच्या स्क्रीनवरच वाचून बघा, प्रिंट झाल्यावर दुरुस्तीला फेऱ्या पडतात. दुसरं म्हणजे तिच्या पासपोर्टचा अर्ज, पुण्याला मुंढव्याच्या केंद्रात, दोघंही पालक हजर असताना. वडील परदेशात असतील तर त्यांना तिथल्या भारतीय वकिलातीतून प्रतिज्ञापत्र करून पाठवावं लागतं, तो व्याप वाचला. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे पण लक्षात ठेवा, रांग लांबली तर तो मधेच संपू शकतो.

दादा गेला. आता खरं सांगायचं तर इथून पुढे जे झालं त्याला फॉर्म नाहीत, आणि जास्त ताकद त्यातच लागली.

वहिनीचं घर म्हणजे आता आमचं घर, पण ज्याच्यामुळे ती या घरात आली तोच घरात नाही. आई-अण्णा, म्हणजे माझे आईवडील, चांगले आहेत तरी सासर ते सासर. बाहेर पडलं की ‘अजून नाही का बोलावलं नवऱ्यानं?’ मंडईत, लग्नात, हळदीकुंकवात. ती हळूहळू बाहेर जायचीच कमी झाली. अण्णांनी मग एक सुरू केलं, कुणी विचारलं की ते अगदी शांतपणे पूर्ण उत्तर द्यायचे, तक्ता काय असतो, तारीख कुठे आहे, आपली कुठली, मागच्या महिन्यात किती हलली. समोरचा माणूस सगळं ऐकून घ्यायचा आणि पुन्हा विचारायचा नाही. दोष वहिनीचा नाही आणि दादाचाही नाही, रांग आहे, हे घरातल्या मोठ्या माणसाने चारचौघांत मोठ्याने सांगणं किती गरजेचं असतं ते मला तेव्हा कळलं. ती दोन वेळा मला म्हणाली की अण्णांमुळे माझी मान वर राहिली.

आणि तिने नोकरी परत धरली. सुरुवातीला घरातच दोन मतं होती, कधी तारीख येईल सांगता येत नाही, कशाला नवीन पकडायचं, बाळ लहान आहे. मी भांडले त्यासाठी. २०२४ च्या जूनपासून ती परत लॅबमधे जायला लागली, सकाळची शिफ्ट, पिऊ माझ्या आईकडे आणि शाळा सुटली की माझ्याकडे. पगार फार नव्हता पण महिन्याच्या बुलेटिनवर दिवस मोजणारी वहिनी आणि लॅबमधून दमून घरी येणारी वहिनी यांच्यात जमीनअस्मानाचा फरक होता. अडकलेल्या घरांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, तिचं शिक्षण, नोकरी, क्लास, जे असेल ते चालू ठेवा. याच काळात तिने शिवाजी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचे अधिकृत कागदही काढून घेतले. तिकडे डिग्रीचं मूल्यमापन करायला ते लागतात आणि इथे असताना कोल्हापूरला जाऊन काढणं सोपं.

पिऊचं आणि दादाचं नातं हा मला सगळ्यात जास्त काळजीचा भाग वाटायचा. माझ्या नोकरीची पहिली वर्षं बीड जिल्ह्यात गेली. तिथे आई-बाप दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पोरं आजी-आजोबांकडे राहतात, उन्हाळ्याच्या तोंडाला आई-बाप परत येतात. बाहेरच्याला वाटतं पोरं धावत जाऊन बिलगत असतील. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं आई आल्यावर आठवडाभर तिच्याशी बोलायची नाहीत, आजीच्या मागे लपायची, मारामाऱ्या करायची. मग हळूहळू ठीक व्हायची. त्यामुळे आपल्या घरी पण हे होणार हे मला माहीत होतं, आणि तयारी पोरीची नाही, मोठ्यांची करायची हे पण माहीत होतं.

व्हिडिओ कॉल रोज सकाळी साडेसातला. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे दहा, हिवाळ्यात नऊ. सुरुवातीला काय व्हायचं, सगळे पिऊला फोनसमोर बसवायचे आणि बाबाला गाणं म्हणून दाखव, बाबाला पापा दे, बाबाला टाटा कर. दीड वर्षाचं पोर किती वेळ करणार, ती फोन दिसला की पळायला लागली. दादाचा चेहरा पडायचा. मग आम्ही पद्धत बदलली. फोन ओट्यावरच्या डब्यांना टेकवून ठेवायचा आणि आपापली कामं करायची. वहिनी पिऊला भरवतेय, आई भाजी निवडतेय, दादा तिकडे भांडी घासतोय नाहीतर कपड्यांच्या घड्या घालतोय, मधेच एखादं वाक्य. कधी वीस मिनिटांत चार वाक्यं. पण पोरीला कळायला लागलं की हा माणूस रोज सकाळी आपल्या स्वयंपाकघरात असतो. ती आपणहून जाऊन त्याला वाटी दाखवायची. दादाने चित्रांच्या एका मराठी पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक इथे ठेवली, एक तिकडे नेली, तो तिकडे पान उलटायचा आणि ही इकडे. काम करून दमलेला माणूस रात्री दहाला रोज एकच पुस्तक वाचतोय हे सोपं नाही, त्याने ते न चुकता केलं.

२०२४ च्या डिसेंबरात तो रजा काढून आला. पिऊ त्याच्याकडे गेलीच नाही, माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभी. फोनमधला बाबा तिला चालत होता, खोलीत उभा असलेला एवढा उंच माणूस चालत नव्हता. आई तिला ओढून त्याच्याकडे देत होती, मी आईला थांबवलं. दादाला म्हटलं तू फक्त जमिनीवर बसत जा, बाकी काही करू नको, तिच्याकडे हात पसरू नको. चौथ्या का पाचव्या दिवशी तिने आपणहून त्याच्या मांडीवर पुस्तक आणून टाकलं. आणि मग जायच्या दिवशी तो झोपेत असलेल्या मुलीला सोडून निघणार होता, तिला त्रास नको म्हणून. मी नको म्हटलं. तिला उठवून, सांगून, रडवून गेला. मुलांना न सांगता निघून गेलं की ती नंतर प्रत्येक झोपेला घाबरतात, हे मी शाळेत पाहिलंय.

आता कागदांकडे येते. आय-१३० मंजूर झाला नोव्हेंबर २०२३ मधे, केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली, सगळे त्याला एनव्हीसी म्हणतात. पिऊ अर्जानंतर जन्मली असल्यामुळे तिचं नाव केसमधे नव्हतं, दादाने एनव्हीसीच्या वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्ममधून जन्मदाखला पाठवून ते घालून घेतलं. फी प्रत्येकी ३२५ डॉलर, म्हणजे दोघींचे ६५०, आणि आर्थिक हमीपत्राचे वेगळे १२०. मग डीएस-२६० हा मोठा फॉर्म, आईचा वेगळा आणि पोरीचा वेगळा. सोळा वर्षांपासून पुढे कुठे कुठे राहिलात ते सगळे पत्ते विचारतात, वहिनीचं होस्टेल, मावशीचं घर, सगळं. आधी वहीत लिहून काढा आणि मग भरायला बसा.

सगळ्यात दमवलं वहिनीच्या जन्मदाखल्याने. तिचा जन्म पाटण तालुक्यातल्या एका गावात, आजोळी, घरीच. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नोंदच मिळेना. असं असेल तर घाबरू नका, पर्याय आहे. ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, त्यावर जावक क्रमांक, तारीख, सही-शिक्का नीट पाहिजे, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रं, की ही आमची मुलगी, अमुक तारखेला अमुक गावात जन्मली. आम्ही ती १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरीपुढे केली. वहिनीचे वडील थकलेले, त्यांना कराडला नोटरीकडे आणलं तेव्हा ते वाटेत सारखं विचारत होते की माझी सही चुकली तर पोरीचं अडेल का. मराठी कागद असेल त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि खाली भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे, नाव, सही, तारीख. ते वाक्य नसेल तर कागद परत येतो.

नावाचं पण सांगते. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे, आडनाव तर बदलतंच, कधी पाळण्यातलं पण बदलतात. वहिनीने पासपोर्टवर माहेरचंच नाव ठेवलं होतं आणि फक्त नवऱ्याचं नाव जोडून घेतलं होतं, त्यामुळे दाखला, डिग्री, पासपोर्ट सगळीकडे एकच बाई दिसत होती. आईला ते आधी आवडलं नव्हतं. नंतर शेजारच्या एका मुलीची तीन नावांमुळे राजपत्र, प्रतिज्ञापत्र अशी दमछाक बघितली आणि आईच लोकांना सांगायला लागली की नाव बदलू नका बाई.

पोलिस क्लिअरन्स सोळा वर्षांवरच्यांना लागतो, पासपोर्टच्या वेबसाइटवरूनच अर्ज, फी ५०० रुपये. पोलिस स्टेशनमधून फोन येतो तेव्हा घरी कुणीतरी हजर पाहिजे. दादाचं हमीपत्र म्हणजे आय-८६४, त्यात उत्पन्न गरिबी रेषेच्या सव्वापट तरी दाखवावं लागतं, तीन माणसांच्या घराला २०२५ च्या हिशोबाने वर्षाला ३३,३१२ डॉलर. २०२४ च्या वसंतात एनव्हीसीचं पत्र आलं की तुमचे कागद पूर्ण आहेत. त्या दिवशी आईने शिरा केला. आणि मग एक वर्षाहून जास्त काळ काहीच नाही.

२०२५ च्या सुरुवातीला फायनल अॅक्शनची तारीख १ जानेवारी २०२२ वर आली आणि महिनोन्‌महिने तिथेच बसली. दर महिन्याला बुलेटिन उघडायचं, तेच. या काळात वहिनी-दादाची भांडणं व्हायला लागली, फोनवर, क्षुल्लक गोष्टींवरून, एकदा ती म्हणाली तूच ये परत. तो विचार पण करायला लागला होता. तो तिकडे एकटा होता हे आम्ही इथले विसरायचो, आम्ही पाच माणसं एकत्र आणि तो एकटा, सणाला मंडळाच्या कार्यक्रमात जाऊन दुसऱ्यांची पोरं बघून यायचा. मी तेव्हापासून दर रविवारी त्याला वेगळा फोन करायला लागले, पिऊ नाही, आई नाही, नुसते आम्ही दोघं. मधल्या माणसाने दोन्हीकडचं ऐकावं पण एकाचं दुसऱ्याला पोचवू नये, हे मी फार कटाक्षाने पाळलं.

पावसाळ्यात तारीख हलली आणि १ सप्टेंबर २०२२ झाली. आमची जून. मी शाळेत होते, वहिनीचा फोन आला, ती बोलेचना, मला वाटलं पिऊला काही झालं. ऑगस्टमधे इंटरव्ह्यूचं पत्र आलं, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं, मुंबईचं.

पत्र आलं की वेळ कमी असतो. मेडिकल फक्त कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच चालतं, पत्र आल्या दिवशीच अपॉइंटमेंट घ्या. मोठ्यांचा छातीचा एक्सरे, आणि दोन वर्षांवरच्या मुलांची टीबीसाठी रक्ततपासणी. पिऊ अडीच वर्षांची, म्हणजे सुई आलीच. वहिनी लॅबवाली, दिवसाला कितीतरी मुलांचं रक्त घेणारी, तिला आपल्या पोरीचं बघवेना, मी धरलं. लसींचं कार्ड नक्की न्या, नोंद नसलेल्या लसी परत द्याव्या लागतात आणि बिल वाढतं. मेडिकल आणि इंटरव्ह्यू यांत काही दिवसांचं अंतर ठेवा, रिपोर्ट यायला वेळ लागतो.

आम्ही कराडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलो आणि चेंबूरला मावसबहिणीकडे उतरलो. इंटरव्ह्यूच्या आधी बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) व्हिसा सेंटरमधे फोटो आणि बोटांचे ठसे. दुसऱ्या दिवशी कॉन्सुलेट. आत मोबाइल, बॅग, काही चालत नाही, नुसती कागदांची फाइल. म्हणून बाहेर थांबायला एक माणूस सोबत असूच दे, मी दोन फोन आणि पिऊची पिशवी घेऊन फुटपाथवर उभी होते. फाइलमधे मूळ कागद, त्यांच्या झेरॉक्स आणि दादाचे ताजे पैशाचे कागद, हे महत्त्वाचं आहे. हमीपत्र दीड वर्षापूर्वी भरलेलं असतं, इंटरव्ह्यूपर्यंत नवीन टॅक्स रिटर्न भरून झालेलं असतं. दादाच्या मित्राच्या बायकोचा व्हिसा तेवढ्यासाठी लांबला होता, म्हणून दादाने २०२४ ची टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, कंपनीचं पत्र आणि शेवटच्या पगाराच्या स्लिपा आधीच पाठवल्या होत्या. खिडकीवर पहिल्यांदा तेच मागितलं.

भाषा विचारली, वहिनीने मराठी सांगितली. तिला इंग्रजी येतं पण त्या दिवशी घशाला कोरड पडली होती आणि आपल्या भाषेत माणूस खरं बोलताना अडखळत नाही. लग्न कसं ठरलं, नवरा काय करतो, शेवटचा कधी आला होता, एवढी वर्षं वेगळे राहून संपर्क कसा ठेवला. ती सकाळच्या साडेसातच्या फोनचं बोलली. मोठा अल्बम, शेकडो चॅटचे प्रिंट असलं काही मागितलं नाही, वर्षाप्रमाणे निवडलेले थोडे फोटो आणि दादाच्या प्रवासाचे शिक्के पुरले. पासपोर्ट ठेवून घेतले. बाहेर आली तेव्हा पिऊ तिच्या खांद्यावर झोपली होती. ऑक्टोबरच्या मध्यावर व्हिसा लागलेले पासपोर्ट हातात आले.

मग प्रत्येकी २३५ डॉलर यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, इमिग्रंट फी ऑनलाइन, ही निघण्याआधी भरा, ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत. मेडिकल आणि तिकिटं सोडून सरकारी फी सगळी मिळून १,७७५ डॉलर झाली, पाच सहा टप्प्यांत गेली त्यामुळे जाणवली कमी. दिवाळी इथे करून नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या मुंबईहून नेवार्कला गेल्या. जाण्याआधी मी पिऊला घराचे फोटो दाखवून ठेवले होते, दादाने पाठवलेले, कुठला पलंग, कुठलं कपाट, कुठली खिडकी.

पोचल्यावर सगळं सुरळीत होईल असं धरू नका. पहिले काही आठवडे पिऊने दादाला पलंगावर बसूच दिलं नाही, ‘तू तुझ्या घरी जा’ म्हणायची. वहिनी बाथरूमला गेली तरी दाराशी रडत बसायची. कराडला सुटलेली बाटली परत मागायला लागली. दादाला फार लागलं, इतकी वर्षं वाट बघून स्वतःच्या घरात परका. वहिनी त्यांच्या रात्री मला फोन करायची, कधी रडत, कधी त्याच्यावर चिडून, कधी मलाच म्हणायची की आम्ही तिला तिच्या घरातून उचलून आणलं का. मी एवढंच म्हणायचे की ती तुम्हाला शिक्षा करत नाहीये, तिच्यासाठी आजी-आजोबा-आत्या आणि सगळं घर एका दिवसात गेलं, थोडे महिने द्या. आणि एक काम पूर्णपणे दादाचं करा, त्यात वहिनीने हात घालायचा नाही. त्यांनी अंघोळ निवडली. पहिल्या दिवशी आरडाओरडा, नंतर पाण्यात खेळणी, आता दादाशिवाय कुणी डोक्यावरून पाणी घातलेलं चालत नाही.

इकडे आईचं अवघड झालं. तिने अडीच वर्षं त्या पोरीला मांडीवर वाढवलं आणि तिच्या जाण्यासाठी नवसही तिनेच बोलले होते. नवस फेडायला गेलो तर देवळात रडत बसली. ज्यांच्या घरातून नातवंडं जाणार आहेत त्यांनी आजी-आजोबांकडे पुढचे काही महिने जास्त लक्ष द्या, मी आता रोज संध्याकाळी तिकडेच जेवते. सकाळी साडेसातचा फोन चालूच आहे, फक्त आता पिऊ तिकडे आणि डबे इकडचे, आई भाजी निवडताना तिच्याशी बोलते, गाणं म्हणून दाखव असं म्हणत नाही.

ग्रीन कार्डं डिसेंबरात पोस्टाने आली, लग्नाला दोन वर्षांहून जास्त झाल्यामुळे दहा वर्षांची. सोशल सिक्युरिटी कार्ड डीएस-२६० मधे ‘हो’ टिक केलं होतं म्हणून आपोआप आलं. घर बदललं तर दहा दिवसांत यूएससीआयएसला पत्ता कळवावा लागतो, ते विसरू नका. वहिनीने डिग्रीच्या मूल्यमापनाला कागद पाठवलेत. पिऊ आता बाबाजवळ झोपते का असं सगळे विचारतात तर आठवड्यातले काही दिवस झोपते, बाकीचे दिवस त्याला उशी घेऊन हॉलमधे पाठवते.